स्पेनच्या किनाऱ्यावर रांगत गेलेला बाळकृष्ण

नित्यपूजेच्या संकल्पात देश, काळ आणि ऋतू यांचा उच्चार करावा लागतो. पुण्यात चाळीस वर्षे तो मी निःशंकपणे केला. न्यूझीलंडमधल्या लोअर हटला चिरंजीवांकडे राहावयास आल्यापासून मात्र दर मार्गशीर्षात माझी पंचाईत होऊ लागली. मुखाने हेमंत ऋतूचे नाव घ्यावे आणि त्याच क्षणी कपाळावरचा घाम ताम्हनात टपकावा! खिडकीबाहेर शेजाऱ्यांची मुले उघड्या अंगाने पाण्याच्या फवाऱ्यात नाचत असत, आणि आत पाटावर बसून मी देवाला थंडीची वार्ता देत असे. देवाने कधी तक्रार केली नाही. सौभाग्यवती करीत असे. "अहो, त्याला तरी खरं सांगा."

म्हणून, नव्या सहस्रकाची पाच-सहा वर्षे उलटली असताना, एका नाताळात स्पेनला जाण्याचा बेत ठरला तेव्हा सर्वांत अधिक आनंद मला झाला. त्याचे कारण मी कोणाला सांगितले नाही.

बेत असा होता. चिरंजीव इस्पितळात औषधनिर्माते. तेथील एक परिचारिका मूळची स्पेनची, आणि तिच्या आईला एकदा तरी भर उन्हाळ्यातला नाताळ पाहावयाचा होता. ती माउली तीन आठवडे आमच्या घरी राहणार आणि आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांची नात, तिच्या समुद्रकाठच्या लहानशा गावातल्या घरी.

वाद झाला तो देवांवरून. गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण असे आमचे तीन देव स्टीलच्या एका डब्यात मावतात. त्यांतला बाळकृष्ण सौभाग्यवतीचा. लग्नात वधूबरोबर माहेरून बाळकृष्ण देण्याची आमच्याकडे रीत आहे. तिच्या आईने तो स्वतःच्या हाताने तिच्या ओटीत घातला होता. अंगठ्याएवढा पितळी, रांगता, एक हात भुईला टेकलेला आणि दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. पूजा माझी, परंतु मालकी तिची.

"तिघांना इथेच राहू दे," ती म्हणाली. "तीन आठवडे मानसपूजा करा."

"मानसपूजेत स्नान कोण घालणार?"

"मनानेच घालायचं. पाणी गारही लागत नाही."

"देवाला सोडून प्रवास मी आजवर केलेला नाही."

"आणि हरवला तर?"

"हरवेल कसा? माझ्या हातून?"

तिने डबा माझ्यापुढे सरकवला. त्या सरकवण्याचा अर्थ इतक्या वर्षांत मला कळावयास हवा होता.

ते गाव हिवाळ्यात अर्धे निजलेले होते. आइस्क्रीमची दुकाने फळ्या लावून बंद, रस्त्यांच्या कडेला मात्र संत्र्यांची झाडे फळांनी लगडलेली, आणि बंदरातल्या होड्यांवर रंगीत दिव्यांच्या माळा. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्टीवर जाड कोट घातलेले पाच-सहा वृद्ध रोज सकाळी लोखंडी गोळे फेकण्याचा खेळ खेळत. पहाटे गार वारा सुटे आणि मी खणखणीत स्वरात हेमंताचा उच्चार करी. तुळस नव्हती, दूर्वा नव्हत्या, चंदनाची सहाणही घरी राहिली होती. जे नसेल त्याच्या जागी अक्षता वाहाव्या, ही शास्त्राने दिलेली सोय. चौथ्या दिवशी सोळांपैकी अकरा उपचार मी अक्षतांवर भागवले. "देवाला रोज नुसता भात," असे सौभाग्यवतीने ऐकवले.

इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्यापाशी, येशूजन्माचा एक मोठा देखावा मांडला होता. आपल्याकडे दिवाळीत मुले किल्ला करतात, थेट तसा. बुचाच्या सालीचे डोंगर, त्यांवर शेवाळ, आरशाचे तळे, मेंढ्या, मेंढपाळ, आणि मध्यभागी गोठ्यात एक माता, एक पिता आणि गवताचा लहानसा पाळणा. इमारतीची देखरेख करणारी ठेंगणी बाई रोज त्यावर पाणी शिंपडी. पाळणा रिकामा होता. मूल फुटले असावे असे समजून मी जाता-येता हळहळत असे. नात तर तेथून हलत नसे.

तेवीस तारखेस सकाळी स्नान करून, सोवळे नेसून मी डबा उघडला. गणपती होता. अन्नपूर्णा होती. बाळकृष्ण नव्हता.

डबा उपडा केला, वस्त्र झटकले, पाटाखाली पाहिले. सौभाग्यवती दारात येऊन उभी राहिली.

"काय शोधताय?"

"बाळकृष्ण दिसत नाही."

"रांगता आहे. गेला असेल रांगत." ती हसली. मग तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचे हसू थांबले. "अहो, काल संध्याकाळी निर्माल्य कुठे टाकलंत?"

तीन दिवसांचे निर्माल्य कागदात गुंडाळून आदल्या संध्याकाळी मी समुद्रास अर्पण केले होते. त्याबरोबर तोही गेला असणार, याविषयी मला शंका उरली नाही. तिने ना आवाज चढवला, ना जुने बोलणे उकरून काढले. ती खुर्चीवर बसली आणि रिकाम्या वस्त्राची घडी घालू लागली. एक घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. पूजेवाचून मी पाण्याखेरीज काही घेत नाही. पण त्या दिवशी भुकेची आठवणही झाली नाही. तिच्या आईच्या हातची ती एकच वस्तू उरली होती.

सोवळ्यावरच कोट चढवून मी किनारा गाठला आणि लाटेच्या कडेने वाळू उपसू लागलो. हे दृश्य त्या वृद्धांना नवीन असावे. खेळ थांबवून ते जवळ आले आणि काहीतरी विचारू लागले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. म्हणून मी बोटांनी बाळाचा आकार दाखवला, समुद्राकडे हात केला, आणि अखेर लाज सोडून वाळूवर एक हात व दोन गुडघे टेकून, दुसरा हात उंचावून रांगून दाखवले.

परिणाम विलक्षण झाला. एकाने छातीवर क्रूस काढला, दुसरा बूट न काढताच पाण्यात शिरला, तिसरा ओरडत रस्त्याकडे धावला आणि पोलिसाला घेऊन आला. हाडामांसाचे मूल बुडाले, असे त्यांनी मानले होते!

तेवढ्यात मला शोधत चिरंजीव आणि सूनबाई आली.

"बाबा, तुम्ही यांना काय सांगितलंत?"

"जे आहे तेच."

सूनबाईला त्या परिचारिकेकडून शिकलेले थोडे स्पॅनिश येत होते. तिने पर्समधून डिजिटल कॅमेरा काढला, पूजेचे छायाचित्र शोधले आणि त्या इवल्या पडद्यावर बाळकृष्ण दाखवला. कॅमेरा हातोहात फिरला. ज्याचे बूट भिजले होते तो सर्वांत मोठ्याने हसला. पोलीस मान हलवीत परत गेला. एकाने माझ्यासाठी गरम कॉफी आणली. मी हात जोडून नाकारली. बाळ सापडल्याशिवाय हे काही घेणार नाहीत, असे सूनबाईने समजावले असावे, कारण त्या वृद्धांनी एकमेकांकडे पाहिले आणि आपापले पेलेही कट्ट्यावर ठेवून दिले. मग आम्ही सारे मिळून वाळू चाळली. तासाभरात माझी बोटे निळी पडली, तेव्हा त्यांनी मला उठवले आणि घरापर्यंत पोचवण्यास निघाले.

सर्वांच्या आधी ओल्या बुटांचे गृहस्थ आत शिरले. देखाव्यापाशी ते थबकले आणि असे किंचाळले, की देखरेख करणारी बाई झाडू घेऊनच बाहेर आली. तीही किंचाळली. सूनबाईने ऐकले आणि आम्हांस सांगितले, "बाळाला चोवीसच्या रात्रीपर्यंत पाळण्यात ठेवायचंच नसतं म्हणे. आज तेवीस. मग हे कुठून आलं, असं विचारताहेत."

मी वाकून पाहिले. गवताच्या पाळण्यात, एका हातात लोण्याचा गोळा घेऊन, आमचा बाळकृष्ण मजेत होता. अंगावर नातीचा हातरुमाल पांघरलेला.

गलबला ऐकून सौभाग्यवती नातीसह खाली आली. नातीने इतकी माणसे पाहिली आणि आजीच्या पदराआड गेली.

"तू ठेवलास?" चिरंजीवांनी विचारले.

"इट वॉज एम्प्टी, बाबा," ती पदरातून म्हणाली. "दे लॉस्ट देअर बेबी. आय ओन्ली लेंट हिम."

उसना दिला होता! सौभाग्यवतीने त्याला उचलले, पदराने शेवाळ पुसले आणि मूठ घट्ट मिटून उराशी धरली. नंतर माझ्याकडे वळली.

"तुम्ही तर याला बुडवून मोकळे झाला होतात."

सहा वृद्धांसमोर मी मान खाली घातली. तरुणपणी केलेल्या तर्कशास्त्राच्या अध्ययनाचा त्या दिवशी मला काडीचा उपयोग झाला नव्हता. निर्माल्य गेले, म्हणून देवही गेला, असे मी अनुमान केले; नातीला एक शब्द विचारला नाही.

पाळणा पुन्हा रिकामा झालेला पाहून नातीचे ओठ थरथरू लागले. सौभाग्यवतीने ते पाहिले. बाळकृष्ण तिचा होता, निर्णयही तिचाच. तिने मूठ उघडली आणि त्याला जागेवर ठेवून दिले.

"उद्यापर्यंत राहू दे. रिकामा पाळणा डोळ्यांना बरा दिसत नाही."

"आणि पूजा?" मी विचारले.

"इथेच करा. सूनबाई म्हणते, तुमच्यासाठी इतकी मंडळी उपाशी आहेत."

तेव्हा गणपती व अन्नपूर्णा खाली आणून, त्या बुचाच्या डोंगराच्या पायथ्याशी मी पूजा केली. वृद्धांनी टोप्या काढल्या. देखरेख करणाऱ्या बाईने आपल्या खिडकीतले लाल जिरेनियम खुडून दिले, म्हणून पुष्पाच्या जागी अक्षता वाहाव्या लागल्या नाहीत. लोणीसाखरेचा नैवेद्य सर्वांनी ओंजळ पुढे करून घेतला, आणि मग सगळे मिळून कॉफी प्यायला गेले. मीही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाईने आमचे दार वाजवले. रात्रीपर्यंत थांबण्याचा नेम तिने नातीसाठी मोडला होता. तिच्या हातात कापसात गुंडाळलेले मातीचे बाळ होते. ते तिने नातीच्या ओंजळीत दिले. नातीने जपून पायऱ्या उतरून बाळकृष्णाला आजीच्या तळहातावर ठेवले, आणि नव्या बाळाला पाळण्यात निजवून हातरुमाल त्याच्या गळ्यापर्यंत ओढला.

मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिले.

"आजोबा, व्हेन विल ही क्रॉल?"

उत्तर सौभाग्यवतीने दिले.

"आधी मान धरू दे त्याला."