मी साफ केलेला फोटो

वानखेडे साहेबांचा फोन आला तेव्हा मी शंकर नगरच्या माझ्या स्टुडिओत आदल्या संध्याकाळचे फोटो निवडत होतो. साहेब रेंजर आहेत, म्हणजे जंगलाच्या एका भागाचे वनाधिकारी. मूळचे गोंदियाचे, त्यामुळे या हिंदी मुलखातही माझ्याशी मराठीतच बोलतात.

"काल तुम्हाले पाणवठ्यावर बिबट मादी भेटली म्हणे. मान दिसते असा फोटो आहे का?"

मी कारण विचारलं. बुधराम नावाचा त्यांचा एक चौकीदार आहे. पन्नाशीचा, त्याच जंगलातल्या गावचा. त्यानं पहाटे तीच मादी लांबून पाहिली होती आणि चौकीवर येऊन आपल्या बोलीत एवढंच सांगितलं होतं, "घेंच म कुछु हे." मानेत काहीतरी आहे. काय आहे, ते त्याला सांगता येत नव्हतं. ती मान वाकडी धरून चालत होती, एवढं त्यानं पाहिलं होतं.

मानेत शिकारीचा तारेचा फासा असेल तर जनावराला बेशुद्ध करून तो काढावा लागतो. त्यासाठी वरून परवानगी लागते, डॉक्टर लागतो. आणि मे महिन्याच्या उन्हात बेशुद्ध केलेलं जनावर शुद्धीवर येईलच असं नसतं. उगाच कोणी हा धोका घेत नाही.

"तुम्ही चाळीस मीटरवरून पाह्यली," साहेब म्हणाले. "तुमचा फोटो पाहून ठरवतो."

आता त्या फोटोबद्दल. सूर्य मावळला होता आणि जंगलाचं गेट बंद व्हायला दहा मिनिटं होती. जंगलात फ्लॅश मारता येत नाही. उजेड कमी असला की फोटोग्राफरकडे तीन उपाय असतात. लेन्स पूर्ण उघडायची. ती उघडीच होती. शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. पण जनावर हललं की फोटो पुसट होतो. राहिला आयएसओ. आयएसओ वाढवणं म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज वाढवण्यासारखं आहे. दूरचं स्टेशन ऐकू येतं, पण खरखरही तेवढीच वाढते. फोटोत ही खरखर दाण्यांसारखी दिसते. आम्ही तिला नॉईज म्हणतो. मी आयएसओ बारा हजार आठशेवर नेला होता. मादीच्या अंगावर कोणी रवा शिंपडल्यासारखा फोटो आला.

हे दाणे काढायचं सॉफ्टवेअर असतं. ते दाणा पुसतं आणि तिथे काय असायला हवं होतं त्याचा अंदाज करून भरतं. मी ते जोरात चालवलं. मादीचा एकेक केस सुटा दिसायला लागला. त्यातले बरेच केस कॅमेऱ्यानं कधी पाहिलेच नव्हते.

कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघते ती रॉ फाईल. ती आमच्या धंद्यात कोणी बाहेर दाखवत नाही. भाजी शिजत असताना पाहुण्याला कढईत डोकावू देत नाहीत, तसंच ते. साहेबांना मी साफ केलेला फोटोच पाठवला. पाठवताना मला अभिमानही वाटला, हे लपवत नाही.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "एकदम तंदुरुस्त आहे. आमच्या बुधरामलेच चष्मा लावा लागते."

बुधरामनं नंतर आणखी दोनदा तेच सांगितलं. चौकीवरचे लोक त्याला 'चश्मा' म्हणून हाक मारायला लागले. मग त्यानं सांगणं सोडलं.

पाचव्या दिवशी एका हॉटेलला त्याच फोटोची मोठी प्रिंट हवी होती. त्यासाठी मी रॉ फाईल पूर्ण मोठी करून उघडली. मानेवर काही चमकते ठिपके दिसले. नॉईजचे दाणे कसेही विखुरलेले असतात. हे ठिपके एका ओळीत होते, कानाच्या खालून गळ्यापर्यंत. मी पुढची फ्रेम उघडली. त्यात मादीनं मान वळवली होती, आणि ठिपक्यांची ओळही मानेबरोबर वळली होती. नॉईज प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो. तार बदलत नाही. रानडुकरासाठी मोटरसायकलच्या क्लचची तार फासा म्हणून लावतात, ती केसांत रुतली होती.

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी फोन केला नाही.

तो साफ केलेला फोटो मी एका स्पर्धेला पाठवला होता, आणि तार उघड झाली तर तो बाद ठरला असता. आधी सगळ्या फ्रेम नीट तपासू, असं मी स्वतःला सांगितलं. तपासून झाल्या. मग साहेब जेवत असतील, मग मीटिंगमध्ये असतील. संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"मग फोन काहून नाही करून राहिले?" सुनंदानं विचारलं.

"सकाळी करतो."

"तार तिच्या गळ्यात आहे," ती म्हणाली. "तुमचं काय, तुम्ही थांबू शकता."

मी तिच्यासमोरच फोन लावला आणि रॉ फाईल पाठवली. साहेबांनी ती मोठी करून पाहिली.

"हे त्याच दिवशी काहून नाही पाठवलं?"

"दाणे होते, साहेब."

"म्हणजे खराब दिसत होता म्हणून?"

"हव," मी म्हणालो.

मादी सापडायला दोन दिवस लागले. पहाटे गारव्यात डॉक्टरांनी तिला बेशुद्ध केलं. तार कातडीच्या आत गेली होती आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. आठवडाभर आधी हे मलमपट्टीचं काम होतं, असं डॉक्टर म्हणाले. कोणाकडे न पाहता म्हणाले, पण मी तिथेच उभा होतो. ती जगली. मानेचे स्नायू मात्र गेले. शिकार धरून ठेवता येत नाही, म्हणून तिला जंगलात सोडलं नाही. आता ती बचाव केंद्रातल्या पिंजऱ्यात आहे आणि मरेपर्यंत तिथेच राहील.

मी चौकीवर जाऊन बुधरामची माफी मागितली. लॅपटॉपवर दोन्ही फोटो दाखवले. त्यानं रॉ फाईलमधल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "इही तो रहिस," तो म्हणाला. हेच तर होतं. मग दुसऱ्या फोटोकडे बघून त्यानं विचारलं की यात ते कुठे गेले. कॉम्प्युटरनं काढले, असं मी सांगितलं. त्यानं थोडा विचार केला. कॉम्प्युटरलाच सगळं माहीत असतं तर मग भैया, म्हणजे मी, जंगलात येतो कशाला, असं त्यानं विचारलं. तो टोमणा नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

स्पर्धेतून फोटो परत घेतला. हॉटेलला प्रिंट दिली नाही. आता जंगलखात्यातून कोणी फोटो मागितला, तर आधी रॉ फाईल जाते आणि खाली आयएसओ किती होता ते लिहिलेलं असतं. साफ केलेला फोटो भिंतीवर लावायला चांगला असतो. साक्षीला तो चालत नाही.