मंदाताईंची दुपारची बस

मंदाताई गेल्याची बातमी आमच्याकडे दुपारच्या बसने आली. फोन घरात वाजत राहिला होता आणि मी वाडीत चिकू उतरवून घेत होते. आमच्या चिखले गावच्या थांब्यावर हॉर्न थांबेचना, म्हणून रस्त्यावर आले, तर कंडक्टर ताईंची काळी पिशवी हातात धरून उभा. "वहिनी, मावशींना डहाणूच्या बाजारात चक्कर आली... दवाखान्यात नेलं, पण..." मी पिशवी उघडली. आत फक्त हिरव्या मिरच्या. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला.

मंदाताई माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं स्वयंपाकघर एकच. ती पिशवी त्यांनी मोडक्या छत्रीच्या कापडाची शिवली होती. तिच्यातून मासे यायचे आणि धुतल्यावर ती वाळायची नेमकी माझ्या पापडांच्या शेजारी. मी कधी घाईत दुकानातून प्लास्टिकची पिशवी आणलीच, तर बाई ती साबणाने धुऊन, चिमटा लावून, अंगणातल्या दोरीवर माझ्या साडीजवळ टांगत. कुणी विचारलं तर थंडपणे सांगत, "उषाने आणलीय." मी नुसती धुमसायची.

पण खरा वैताग त्या बसचा. दारात माझी स्कूटर उभी, आणि या भर उन्हात थांब्यावर. आणायचं काय, तर एक दिवस मिरच्या, दुसऱ्या दिवशी कोथिंबीर, मग कधीतरी आलं. घरी पाहुणे जेवायला असले तरी तेच. एकदा मी भांडी आपटतच विचारलं, "अहो, बाजार एकच ना? मग सगळं एकदम आणायला काय होतं?"

"अगो, कंडक्टर सांगत होता, दुपारी डहाणूला जाणारी गाडी रिकामीच असते, बंद होईल म्हणून. जाणारी बंद झाली तर येणारी कुठून येणार? कोळणींनी टोपल्या घेऊन घरी यायचं कसं? रिक्षावाले वासामुळे त्यांना घेत नाहीत."

"म्हणून रोज तुम्ही?"

"मग एक दिवसाआड तू जा."

एका बाईच्या तिकिटावर कुठे बस चालते का? मला तेव्हाही हा शुद्ध हट्ट वाटायचा आणि आजही वाटतो. गुडघे दुखायचे, ऊन सोसवायचं नाही, तरी जायच्या. शेवटी बाजारातच... मी कितीदा म्हटलं होतं, बसा माझ्या मागे! ऐकलं नाही ते नाहीच.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. मग एका सकाळी रोजची कोळीण, तारा, ओट्यावर टोपली ठेवून बसली. मासे दाखवायचे सोडून म्हणाली, "बाय, मंदाबाय गेली. आता गाडी पन जायाची का गो?"

"मला काय विचारतेस?" मी फटकारलं. ती टोपली उचलून गेली.

दिवसभर चिडचिड झाली. ताईंवर, तारावर, त्या बसवर. दुसऱ्या दिवशी दुपारी दोरीवरची काळी पिशवी ओढली आणि थांब्यावर जाऊन उभी राहिले. डोकं तापलं होतं. बस आली, खरंच रिकामी. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि तिकीट फाडलं. परतताना टोपल्या चढल्या, वास भरला. ताराने सरकून मला जागा दिली. खिडकीशी बसले, आणि ताईंची इतकी आठवण आली की त्यांना तिथल्या तिथे झापावंसं वाटलं.

घरी पिशवी ओट्यावर ठेवली. आमच्या ह्यांनी आत डोकावून पाहिलं. "मिरच्याच? कोथिंबीर राहिली वाटतं?"

"राहिली नाही," मी म्हटलं. "ती उद्या आणायचीय."