घरातली पहिली खुर्ची

सोफे दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं. तो आतल्या स्प्रिंगा बदले, काथ्या भरे आणि वरून कापड असं ताणून ठोके की एक सुरकुती दिसायची नाही. घरी मात्र बसायला दोन चटया आणि एक लोखंडी पेटी, आणि ताटात भाजी एकदाच. बायकोने विषय काढला की म्हणे, "बघू पुढे." पैसे नव्हते असं नाही. बँकेत चांगली गंगाजळी होती, पण त्यातून काही काढायचं म्हटलं की तो पासबुक पुन्हा पेटीत ठेवून द्यायचा.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल," बायको म्हणायची, "पण अंथरूण मोठं झालं तरी तुमचे पाय पोटाशीच!"

मग तिचे गुडघे कुरकुरू लागले. चटईवरून उठायला भिंत धरावी लागे. लहान मुलाला घेऊन सुट्टीला आलेल्या लेकीने ते पाहिलं आणि जेवणं झाल्यावर ती बापासमोर येऊन बसली.

"बाबा, भांडायला नाही आले. एवढंच सांगा, भीती कसली वाटते?"

तो आधी हसला. मग पेटीच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "मी तुझ्या लेकाएवढा होतो. तुझ्या आजोबांचा धंदा बुडाला. माणसं आली, घरातलं सामान टेम्पोत चढवायला लागली. आई खुर्चीवर बसून मटार सोलत होती. तिला म्हणाले, बाई, उठा. ती उठली, मांडीवरचे दाणे सगळीकडे सांडले. मी ते गोळा करत राहिलो आणि ते खुर्ची घेऊन गेले."

बायको दारातच थबकली. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिच्या कानावर कधी आलं नव्हतं.

"म्हणून घरात खुर्ची नाही होय?" बायकोने विचारलं.

"नसली तर नेणार कोण?"

लेकीने उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "किती पैसे बाजूला असले म्हणजे शांत झोप लागेल?" तो म्हणाला त्याहून थोडं जास्तच तिने आजारपणासाठी आणि म्हातारपणासाठी वेगळं ठेवायला लावलं. "याला कोणी हात लावायचा नाही. आता उरलं त्याचं काय?" उरलं होतं बरंच. आजवर सगळं एकाच ढिगात पडलेलं, त्यामुळे त्याला ते सगळंच वाईट दिवसांच्या मालकीचं वाटत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला आपल्या दुकानात नेलं आणि खुर्चीसाठी गिऱ्हाइकासारखं तिचं माप घेतलं.

"रंग कुठला? मळखाऊ घेऊ?"

"मळखाऊत जन्म गेला माझा. पिवळा घ्या, चांगला झगझगीत!"

खुर्ची घरी आली. सुरुवातीला गल्लीत टेम्पो थांबला की त्याचा घास हातातच राहायचा. हळूहळू तेही सुटलं. एकदा दुपारी तो जेवायला आला, तर बायको खुर्चीत गाढ झोपलेली, पाय सैल सोडलेले, तोंड जरासं उघडं. त्याने तिला उठवलं नाही. भांड्यांचा आवाज न करता हाताने वाढून घेतलं, आणि भाजी चक्क दोनदा घेतली.