वरून दुसरं बटण

मीटरवाल्या ताई निवृत्त झाल्या तेव्हा निम्म्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. घराघरांत शिरून विजेचे मीटर वाचण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती, आणि मीटरबरोबर घरही वाचायची त्यांना खोड होती. कुणाच्या भिंतीला ओल आली, कुठल्या जावांचं बिनसलंय, सगळं तोंडपाठ. अशी खोड काही निवृत्त होत नाही. मग ताईंनी तिला नवं काम लावून दिलं. त्या मोठ्या युद्धावर गावातून गेलेल्या आणि परत न आलेल्या सैनिकांच्या मागे त्या हात धुऊन लागल्या.

कारण घरातच होतं. ताईंची आई जन्मली तेव्हा तिचा बाप आघाडीवर होता, आणि तो तिथेच राहिला. आईने बाप पाहिला तो बाहेरच्या खोलीतल्या फोटोत. अंगात गणवेश, कानावर कललेली टोपी, आणि कोटाचं वरून दुसरं बटण गायब. "बटण लावून द्यायला तिथे कोण होतं बिचाऱ्याला," असं आई हळहळायची. ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी ती त्या फोटोची काच पुसायची आणि पुसता पुसता बापाला घरातल्या तक्रारी सांगायची. त्यातल्या बऱ्याचशा ताईंबद्दलच असायच्या. ताईंचं नाक मात्र थेट आजोबांवर गेलंय, हे सगळे नातेवाईक छातीठोकपणे सांगत.

ताईंनी भरतीच्या याद्या धुंडाळल्या, जन्माच्या नोंदी काढल्या, कोण कुणाचा नातू याचा छडा लावला आणि त्या एकेकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. नगरपालिकेने सभागृह द्यायचं कबूल केलं. रविवारी सैनिकांच्या फोटोंचं प्रदर्शन, आणि उद्घाटन आईच्या हस्ते! आईने त्यासाठी चष्म्याची मोडकी काडी बदलून घेतली. बापाचा फोटो सगळ्या गावाने बघायचा म्हणजे काय चेष्टा?

शेवटच्या आठवड्यात लोकांनी घरचे फोटो आणून द्यायला सुरुवात केली. बेकरीवाल्यांकडचा सैनिक चांगला झुपकेदार मिशीचा होता. ताईंची नजर गेली ती कोटावर. वरून दुसरं बटण नव्हतं. 'फौजेत बटणांचा तुटवडा दिसतोय,' त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या वडिलांचा फोटो आला, हाताने रंगवलेला, गाल गुलाबी. दुसरं बटण नाही. शिंप्याच्या घरून आला तो चष्मेवाला. शिंप्याच्या घरचा माणूस, आणि त्याचंही दुसरं बटण नाही!

ताईंनी बेकरीवाल्यांच्या फोटोतली मिशी बोटाने झाकली. मग भिंतीवरचा आजोबांचा फोटो उतरवून शेजारी ठेवला. चार घरांचे चार बाप, आणि माणूस एकच.

चारही फोटोंच्या पाठीवर बाजारातल्या फोटो स्टुडिओचा शिक्का होता. ताई पिशवीत फोटो घालून तडक तिथे गेल्या. तोंड उघडायच्या आधीच त्यांची नजर गल्ल्यामागच्या भिंतीवर गेली. तिथे एका दाढीवाल्या, टक्कल पडलेल्या गृहस्थांचा फोटो होता, आणि त्या दाढीच्या वर ताईंच्या घरचं नाक होतं.

"हे कोण?"

"माझे आजोबा," दुकानदार म्हणाला. "त्यांनीच दुकान काढलं."

"युद्धावर होते?"

"छे हो ताई! एक पाय अधू होता. भरतीवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं."

ताईंनी एकेक फोटो टेबलावर मांडला. दुकानदाराने ते पाहिले आणि हळूच दुकानाचं दार लोटून घेतलं.

"त्या बायकाच यायच्या, ताई. फोटो काढायच्या आधीच नवरे गेलेले. घरी लेकरू विचारायला लागलेलं, बाबा कसे दिसायचे? 'कुणाचा का होईना, चेहरा द्या,' म्हणायच्या. हौशी गिऱ्हाइकांसाठी दुकानात एक गणवेश ठेवलेला होता. पण माणूस कुठून आणायचा? मग आजोबाच उभे राहिले. कुणासाठी मिशी चिकटवली, कुणासाठी चष्मा चढवला."

"आणि हे तुम्ही आजवर पोटात ठेवलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

ताई स्टुलावर बसल्या. बायकाच यायच्या! म्हणजे आजीसुद्धा. एका खोट्यापायी ताईंना लहानपणी उपाशी झोपवणारी आजी! तिच्यावर चिडावं की तिच्यासाठी रडावं, हे ताईंना कळेना. आईला काय सांगायचं, हे तर मुळीच कळेना.

घरी आई मोकळ्या खिळ्याखाली फडकं घेऊन उभी होती. "माझा बाप कुठाय गं?"

"काच... काच बदलायला दिलीय."

"मीटरचे आकडेही असेच मनाने घालायचीस का?"

ताईंना आणखी खोटं जमलं नाही. त्यांनी फोटो बाहेर काढले आणि सगळं सांगून टाकलं. आईने चारही फोटोंतल्या रिकाम्या काजावरून बोट फिरवलं.

"नाव तरी खरं आहे ना?" शेवटी तिने विचारलं.

"नाव खरं आहे, आई. सगळ्यांचीच नावं खरी आहेत."

"मग रविवारी नावंच लाव." ती खुर्चीत बसली. मग एकदम ताठ झाली. "स्टुडिओवाला म्हणालीस? लंगडायचा तो?"

"हो. का गं?"

"अगं, माझ्या लग्नात फोटो काढायला तोच होता! दाढी होती, मी कशी ओळखणार? कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालून म्हणाला, 'वर बघ, बाळ.' मला रडूच फुटलं. म्हटलं, आज माझे वडील हवे होते. तर म्हणाला, 'ते बघतायत असं समज आणि हास. इकडे, माझ्याकडे बघ.'"

आईने लग्नाचा अल्बम मागितला. ताईंनी तो तिच्या मांडीवर ठेवला आणि पानं उलटायला लागल्या. प्रत्येक फोटोत नवरी थेट समोर बघून हसत होती.