दगडांचं बिऱ्हाड

डोलिना मॅकफीच्या गळ्यात हे काम तिच्या सासूने मरताना घातलं. खोऱ्याच्या वरच्या टोकाला मातीच्या ढेकळांनी शाकारलेलं, गुडघाभर उंचीचं एक दगडी घर आहे. त्यात तीन दगड राहतात: म्हातारी, तिचा म्हातारा आणि लेक. म्हातारी साधीसुधी नव्हे, सगळ्या स्कॉटलंडवर हिवाळा तीच आणते. मे महिना लागला की तिघांना बाहेर उन्हात बसवायचं, ऑक्टोबर सरला की आत निजवून फटी शेवाळाने बुजवायच्या. हे मेंढपाळाच्या घरच्या माणसानेच करायचं. नवरा गेल्यावरही डोलिनाने कधी चुकवलं नाही.

अलीकडे ते बघायला एडिनबराहून कवी येत. पावसात डोळे मिटून निसर्गाशी नातं जोडत आणि मेंढीच्या लेंड्यांत पाय पडला की किंचाळत. डोलिनाला हसू येई, पण माणसं बरी वाटत. म्हणून तर, खोऱ्याच्या मालकाने मेंढ्या विकल्या आणि पाडायचं म्हणून तिला घर सोडायला सांगितलं, तेव्हा तिने कवींच्या म्होरक्याला, आयव्हरला, गळ घातली.

"मालक तुझं ऐकतो रे. माझ्या घरासाठी शब्द टाक तेवढा."

"टाकलाच समजा, डोलिनाबाई!"

यंदा लेकीला आणि म्हाताऱ्याला आत ठेवून ती म्हातारीला उचलत होती, तोच आयव्हर बाकीच्या कवींना घेऊन धापा टाकत आला.

"तुमचं घर वाचलं! मालक पाडणार नाहीत. आता बारा महिने तिथे कवी राहणार, अगदी म्हातारीच्या शेजारी!"

"आणि मी?"

"तुम्हाला शहरात खोली बघतायत ना. हीटरसकट! दगडांसाठी वर्षातून दोनदा गाडी पाठवू. तुमच्याशिवाय कसं व्हायचं हे?"

तो मनापासून खूश होता, त्याचाच तिला जास्त संताप आला. म्हातारी त्याच्या पायावर आपटावी असं वाटलं. तेवढ्यात गारठवणारा पाऊस कोसळला आणि कविमंडळी खाली पळाली. डोलिनाने एकटीने म्हातारीला आत ठेवलं, बोटं बधिर होईस्तोवर फटी बुजवल्या.

घरी आली तर दार सताड उघडं. सगळे तिच्या चुलीभोवती शेकत बसलेले, नवऱ्याच्या खुर्चीत आयव्हर.

"या ना, डोलिनाबाई, आत या," तो जागचा न हलता प्रेमाने म्हणाला. "संकोच करू नका. फक्त पाय पुसा हं, चिखल येतोय."

तिने पाय पुसले.