आधी रेडिओवर, मग नळाला

नाशिकहून आमची गाडी निघण्याआधी आमची बातमी निघाली.

सकाळचे ऊन कार्यालयाच्या पायऱ्यांवर अजून आले नव्हते. आत आवारेसाहेब टाइप केलेला कागद फॅक्सच्या यंत्रात सरकवत होते. मथळा मला उभ्या उभ्या वाचता आला : 'करवंदमाळ येथे नळाला पाणी; ग्रामस्थांमध्ये आनंदाचे वातावरण'. करवंदमाळ हे पेठच्या पलीकडचे डोंगरातले गाव. तिथला कार्यक्रम दुपारी होता.

"साहेब, हे अजून घडायचं आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच आत्ता पाठवतोय. पेठच्या पुढं फोन नाही. कार्यक्रम करून परत यायचं आणि मग लिहायचं, तर बातमी शिळी होते. शिळी बातमी रेडिओ घेत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हापासून हीच पद्धत आहे."

आवारेसाहेब मूळचे सिन्नरचे. सरकारी प्रसिद्धीच्या कामात त्यांचे केस पांढरे झाले होते आणि निवृत्ती जवळ आली होती. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. शहरात केबल घरोघर पोहोचली होती आणि गावोगाव फिरणारी प्रचारगाडी आता बंद होणार, असे बोलले जात होते. ती बंद होण्याआधी तिच्याबरोबर एक फेरी करून यावी, असे पुण्याच्या ज्या साप्ताहिकात मी काम करत होते त्याच्या संपादकांनी सुचवले होते.

गाडी राखाडी रंगाची होती. टपावर दोन कर्णे, मागे प्रोजेक्टर, गुंडाळलेला पांढरा पडदा आणि लहान जनरेटर. चालक सुकदेव एकलहऱ्याचा, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या गावचा. चावी फिरवल्यावर इंजिनाने नुसता उसासा टाकला.

"सगळ्या जिल्ह्याला वीज आमच्या गावातनं जाते," तो खाली उतरत म्हणाला, "आणि माझ्या गाडीला धक्का लागतो. उतरा मॅडम, तुम्ही पण हात लावा."

धक्का देऊन आम्ही निघालो. रामशेज किल्ला मागे पडला, द्राक्षबागा संपल्या आणि सागाची उघडी रानं सुरू झाली. मोहाची फुले गळत होती. त्यांचा गोडसर वास गाडीत भरला. सावळघाटात चाक पंक्चर झाले. सुकदेव जॅक लावत असताना आम्ही पळसाच्या अर्ध्या सावलीत उभे राहिलो आणि साहेबांनी मला त्यांच्या गाडीची वंशावळ सांगितली.

अशा गाड्या आधी इंग्रजांनी फिरवल्या, दुसऱ्या महायुद्धात. सैन्यभरती आणि युद्धाच्या बातम्या खेड्यांत पोहोचवण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, पडदा तोच राहिला. त्यावर धरणे आली, संकरित बियाणे आले, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. शहरात सिनेमाआधी सरकारी समाचारचित्र दाखवणे थिएटरला बंधनकारक होते. खेड्यात थिएटरच नव्हते, म्हणून गाडी. मग आणीबाणी आली. देशातल्या चार वृत्तसंस्था एकत्र करून एकच केली गेली.

"तेव्हा काम सोपं होतं?" मी विचारले.

"सोपं नव्हतं, एकसारखं होतं," साहेब म्हणाले. "चार ठिकाणी वाचायची ती बातमी एका ठिकाणी वाचायची. वेळ लय वाचायचा." मग ते म्हणाले, "पण एक सांगतो. माझ्या बातमीवर आजवर खुलासा आला नाही. एकदाही नाही."

खुलासा म्हणजे चुकीच्या बातमीची सरकारी दुरुस्ती. तो नेहमी वृत्तपत्रांच्या बातम्यांवर निघतो. सरकारच्याच बातमीवर निघालेला खुलासा मी तरी पाहिलेला नव्हता.

करंजाळीला चहा आणि गरम भजी झाली. पेठ ओलांडल्यावर डांबर संपले आणि गाडी बैलगाडीच्या वाटेने हेलकावत करवंदमाळला पोहोचली. वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण होते. नळाच्या ओट्याला चुना लावला होता. ओट्याशी बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे सरपंच जमनाबाई. राखीव जागेवर निवडून आलेल्या, ठेंगण्या, घाईच्या चालीच्या. या योजनेसाठी त्यांनी वर्षभर पेठच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. गाव पावसाळ्यात धो धो भिजते आणि उन्हाळ्यात झिऱ्यावर (नदीच्या कोरड्या पात्रात खणलेला पाण्याचा खड्डा) जगते. झिरा आता तळाला गेला होता. तो आटला की बायकांना घाट उतरून पलीकडच्या गावात पाण्याला जावे लागे, आणि ते गाव हंडे पाहून दार लावून घेई. जमनाबाईंनी बायकांना शब्द दिला होता, की यंदा घाट उतरायचा नाही.

तालुक्याचे पाहुणे आले. नारळ फुटला. पाहुण्यांनी तोटी फिरवली. तोटीतून फुस्स असा आवाज झाला, एक कोळी बाहेर पडला, आणि मग काहीच नाही.

नदीकाठच्या नव्या खोल कूपनलिकेवर पंप बसवलेला होता, नळ जोडलेले होते. शेवटच्या खांबापासून मोटरपर्यंतची वायर तेवढी राहिली होती. अभियंत्याने दोन कर्मचाऱ्यांना सांगितले होते आणि त्या दोघांनी एकमेकांवर सोपवले होते. पाहुणे 'तांत्रिक कारण' असे म्हणाले, जेवले आणि गेले. बायका काही न बोलता हंडे उचलून झिऱ्याकडे वळल्या.

जमनाबाईंनी मला घरी नेले. नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि खुरसणीची (कारळ्याची) चटणी. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"बघा," त्या म्हणाल्या, "नळाला नाय आलं ते तुमच्या डोळ्याला आलं."

त्या हसल्या, पण ताटातली भाकरी त्यांनी नुसती चिवडली. "उद्या या बाया घाटात जातील," त्या म्हणाल्या. "मला कोन काय बोलनार नाय. न बोलता माझ्या दारावरनं जातील. ते लय वाईट."

संध्याकाळी गाडीसमोर गाव जमले. आज रेडिओवर करवंदमाळचे नाव येणार, हे साहेबांनीच आदल्या आठवड्यात निरोप पाठवून कळवले होते. गावाचे नाव रेडिओवर कधी आले नव्हते. म्हातारी माणसे धुतलेली पागोटी बांधून आली होती.

साहेबांनी सुकदेवला हळूच सांगितले, "रेडिओ नको लावू. बिघडला म्हण."

"साहेब, सगळ्यांसमोर आत्ताच गाणी लावली होती," सुकदेव म्हणाला.

प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या. टपावरच्या दोन्ही कर्ण्यांतून निवेदिकेचा स्वच्छ आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. मंत्र्यांचे दौरे झाले, कापसाचे भाव झाले. मग : "नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातील करवंदमाळ इथं आज नळाला पाणी आलं. ग्रामस्थांनी उत्स्फूर्तपणे आनंद व्यक्त केला."

मग मागून एका बाईचा आवाज आला, "कवा केला गं आपन आनंद?"

"तू झिऱ्यावर गेलीस तवा झाला."

"मला बोलवायचं तरी!"

हसण्याची लाट गाडीपर्यंत आली. साहेब गाडीच्या पायरीवर बसून चष्मा पुसत राहिले. जमनाबाईंचे सासरे लहानूबाबा काठी टेकत पुढे आले. गावाच्या बोहाड्यात (चैत्रात देवदेवतांचे मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव) पुकारा करण्याचा मान त्यांच्या घराकडे होता.

"साहेब, घाबरू नका," बाबा म्हणाले. "आमच्यात असंच आहा. आधी मी नाव पुकारतो, मंग सोंग येतं. पन एक नेम आहा. नाव पुकारलं की सोंग यायलाच पायजे. नाय आलं तर पुकारनाऱ्याला स्वतःला मुखवटा घालून नाचावं लागतं."

"म्हणजे मी नाचू?" साहेबांनी विचारले.

"नाचा नायतर पानी आना," जमनाबाई म्हणाल्या. "का रेडिओवर परत सांगता, की पानी आलं नाय म्हनून?"

साहेबांनी मान वर केली. "खुलासा? आमच्याच बातमीवर?" ते म्हणाले. "असा कागद कसा लिहितात तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"मंग पानीच सोपं," जमनाबाई म्हणाल्या.

ठरल्याप्रमाणे पडदा लागला. माहितीपट धरणाचा होता. पडद्यावर दरवाजे उघडले आणि पांढरे पाणी धबाधबा कोसळू लागले. तेव्हा एक बाई उठली, हंडा घेऊन पडद्यापाशी गेली आणि तो पाण्याखाली धरून उभी राहिली. सुकदेवने रीळ उलटे फिरवून पाणी परत धरणात चढवले, तेव्हा तिने हंडाही उलटा केला. मी पाहिलेल्या कोणत्याही सिनेमाला एवढी दाद मिळालेली नाही. साहेबही हसले, त्या दिवसात पहिल्यांदा.

सकाळी धक्का द्यायला सगळे गाव होते. जमनाबाई पुढच्या सीटवर बसल्या, साहेब मागे प्रोजेक्टरशेजारी. पेठला एका कचेरीत फोन होता. अभियंता फोनवर आल्यावर साहेबांचा आवाज बदलला. तो आता निवेदकासारखा झाला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "करवंदमाळच्या योजनेचं. काल रेडिओवर सांगितलं ना, ऐकलं नाहीत? पाणी आलंय. नाही नाही, तुम्ही पाणी सोडा असं मी म्हणत नाही. ते सुटलेलं आहे. मुंबईपर्यंत सगळ्यांनी ऐकलंय. वरून कुणी फोन करून विचारलं तर तुम्ही काय म्हणणार? रेडिओ खोटा? तसं लेखी देणार?" त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तर मग एवढंच करा. वायर घेऊन जा आणि आलेलं पाणी चालू आहे का, बघून या."

जमनाबाईंनी हात पुढे करून फोन मागितला. "रावसाहेब," त्या म्हणाल्या, "आमी आनंद करून बसलोय. लवकर या."

अभियंता जीपने आला. बरोबर वायरचे वेटोळे होते आणि कालचे दोन्ही कर्मचारी होते. एकमेकांकडे न बघता बसलेले. आम्ही त्यांच्या मागोमाग करवंदमाळला परतलो. कालचे तोरण सुकले होते. नवे कोणी लावले नाही. खांबावर चढणे, वायर ओढणे, फ्यूज उडणे, तो पुन्हा बांधणे यात दुपार झाली. मग नदीकडून मोटरचा घुमारा ऐकू आला.

आधी तोटीने हवा सोडली. मग तांबडे, गढूळ पाणी, मातीच्या गोळ्यांसकट. बायका थांबल्या. पाणी पिवळे झाले, फिकट झाले, आणि अचानक काचेसारखे स्वच्छ पडू लागले. पडद्यापाशी हंडा घेऊन गेलेली बाई पहिली पुढे झाली. तिने हंडा भरला नाही. ओंजळ भरून आधी जमनाबाईंच्या तोंडावर मारली. त्यानंतर रांग राहिली नाही. अभियंत्याचा शर्ट भिजला, सुकदेव भिजला, माझे टिपण भिजले. लहानूबाबा ओट्याशेजारी उभे राहून, नाव पुकारल्यावर सोंग आले की जशी घालतात तशी, लांब हाळी घालत होते.

साहेब आंब्याखाली उभे होते. कोरडे.

"आता बातमी देणार?" मी विचारले.

"कसली?" ते म्हणाले. "पाणी आल्याची बातमी कालच गेली."

"पण काल आलं नव्हतं."

"आज आलंय असं सांगायचं, तर काल आलं नव्हतं हेही सांगावं लागेल." त्यांनी रुमालाने कपाळ पुसले. "राहू द्या. बातमी खरी झाली, बास झालं."

एवढ्यात त्या बाईने मागून येऊन अर्धा हंडा त्यांच्या डोक्यावर रिकामा केला. साहेबांनी चष्मा काढला आणि, माझ्या माहितीप्रमाणे, उत्स्फूर्तपणे आनंद व्यक्त केला.

निघताना जमनाबाई गाडीच्या खिडकीशी आल्या. ओल्या पदराचे टोक पिळत त्या म्हणाल्या, "साहेब, निवृत्त कवा होताय?"

"पुढच्या वर्षी."

"मंग त्याच्या आधी एक काम करा. पेठपासून इथवर डांबरी रस्ता झाला, अशी एक बातमी देऊन ठेवा. बाकीचं आमी बघतो."

घाट चढेपर्यंत साहेब मागे वळून त्या वाटेकडे पाहत होते.

दिवेलागणीला आम्ही नाशिकमध्ये शिरलो. मला इंदिरानगरला मैत्रिणीकडे उतरायचे होते. तिच्या घरी सकाळचे वृत्तपत्र अजून टेबलावर होते. आतल्या पानावर आमची बातमी होती, साहेबांनी पाठवली तशी, शब्द न बदलता. बातमी तपासणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून मी ओळ न् ओळ तपासली. गावाचे नाव बरोबर. तालुका बरोबर. पाहुणे बरोबर. नळाला पाणी : बरोबर. आनंदाचे वातावरण : बरोबर, आणि त्याचा पुरावा म्हणून माझी साडी अजून ओली होती. छापलेली बातमी मी नेहमी घटनेशी ताडून पाहते. इथे घटना बातमीशी ताडून पाहिली जात होती, आणि ती जवळजवळ तंतोतंत उतरली होती.

एका दिवसाचा फरक सोडला, तर चूक एकच सापडली, शेवटच्या वाक्यात. 'ग्रामस्थांनी याबद्दल शासनाचे आभार मानले', असे तिथे छापले होते. आभार कोणी मानले नव्हते. त्या वेळी करवंदमाळ रस्ता मागत होते.