सर्वानुमते

माझी मावशी पुस्तकं बांधायची. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या ओळीनं जुळवायच्या, शिवायच्या, वर पुठ्ठा चढवायचा. काका गेल्यावर याच कामावर तिचं घर चाललं.

तिचा छापखाना कुणा एका शेठचा नव्हता. तिथले काही कामगारच मिळून त्याचे मालक होते. त्यांना सभासद म्हणायचे. बाकीचे सगळे रोजावर. दोघंही एकाच टेबलाशी उभे राहून तेच काम करायचे, पण सभासदाला नफ्यात वाटा मिळायचा, आजारपणात पगार मिळायचा आणि सभेत मत असायचं. रोजावरच्याला ‘उद्या येऊ नको’ म्हटलं की विषय संपला. सभेच्या दिवशी रोजावरची माणसं बाहेर पायऱ्यांवर बसायची आणि आतून दाराला कडी लागायची.

मावशी कित्येक वर्षं त्या पायऱ्यांवर बसली. सभासद व्हायचं तर एका सभासदानं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं आणि उरलेल्यांपैकी कोणाचीच हरकत नसायला हवी. एकानं जरी मान हलवली तरी नाव बारगळायचं. कोणी हलवली ते बाहेर कळत नसे. मावशीचं नाव आधी बारगळलं होतं, त्यामुळे ती सगळ्यांशीच जपून असायची. कोणाची सासू आजारी पडली की ही डबा घेऊन हजर.

आई वैतागायची. “किती जणांची मर्जी राखत बसणार आहेस?”

“एकदोघांची राखून तिथं भागत नाही, ताई,” मावशी म्हणायची. “सगळ्यांची लागते.”

शेवटी मिस्त्रींनी तिचं नाव सुचवलं. मिस्त्री म्हणजे सगळ्या मशीनचे प्रमुख. अंगानं थोराड, पण आवाज इतका हळू की समोरच्याला पुढं झुकून ऐकावं लागायचं. अनुमोदन दिलं चष्मेवालीनं. ती शिलाईच्या टेबलावर मावशीच्या शेजारची, तिची जुनी मैत्रीण. दार उघडलं, मावशीला आत बोलावलं आणि सेक्रेटरींनी वाचून दाखवलं, ‘सर्वानुमते मंजूर’. टाळ्या पडल्या. मिस्त्री तिच्या कानाशी येऊन म्हणाले, “आता तू घरातली झालीस. घरातलं बाहेर जात नाही, एवढं सांभाळ म्हणजे झालं.”

मावशी हसली. त्या दिवशी तिला सगळंच गोड वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला पायऱ्यांवर गेली, तर चाललेलं बोलणं बंद पडलं. तिथं लंबू होता, रोजावरचा, चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. इतकी वर्षं दोघं एकमेकांच्या डब्यातलं खात आले होते. “आता तुम्ही आत बसायचं, मालकीणबाई,” तो म्हणाला. बोलला थट्टेत, पण सरकून जागा काही दिली नाही.

मग शाळेच्या पुस्तकांचा हंगाम आला. कागद कापायच्या मशीनला पात्यापुढं लोखंडी जाळी होती. दर खेपेला ती खाली घ्यायची, मग पातं सोडायचं. त्यात वेळ जायचा, म्हणून मिस्त्रींनी ती काढून गठ्ठ्यांमागं ठेवून दिली. मावशीनं चष्मेवालीला विचारलं तेव्हा ती शिवता शिवताच म्हणाली, “शाळा उघडेपर्यंतच गं. सगळ्यांना माहितीये.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“म्हणजे आपल्या सगळ्यांना.”

मशीनवरचा सभासद रजेवर गेला आणि त्याच्या जागी लंबूला उभं केलं. मावशी पाठमोरी होती. तिला काही वेगळं ऐकूच आलं नाही. पातं खाली आल्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मागाहून कोणीतरी ‘बंद करा, बंद करा’ म्हणायला लागलं तेव्हा ती वळली. लंबूच्या उजव्या हाताची बोटं गेली होती.

त्याला दवाखान्यात घेऊन गेले. त्याची पिशवी राहिली म्हणून मावशी ती आणायला आत गेली, तर मिस्त्री वाकून जाळी बसवत होते. “बघत काय उभी राहिलीस? पाना दे,” ते म्हणाले. मावशीनं पाना उचलला आणि त्यांच्या हातात दिला. का दिला, ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही.

संध्याकाळी सभा झाली. कारखाने तपासणारे साहेब येणार होते. जाळी नेहमी जागेवरच असायची, त्या दिवशी लंबूनं ती स्वतःच काढली असावी, असं सगळ्या सभासदांनी सांगायचं ठरलं. हात वर झाले. मावशीचा झाला नाही. कोणी आवाज चढवला नाही. सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, “काही हरकत नाही, परत घेऊ.” परत हात वर झाले आणि ते तसेच वर राहिले. सगळे तिच्याकडं बघत थांबले होते. पंख्याची तेवढी घरघर. चष्मेवालीनं कोपरानं ढोसलं, “कर ना गं वर. घरी जायचंय सगळ्यांना.”

मावशीनं हात वर केला.

दवाखान्यात लंबूनं तिला काहीच विचारलं नाही. विचारलं त्याच्या बायकोनं. “तुम्ही तिथंच होतात ना, मावशी? ह्यांनी कशाला काढली असती जाळी?” मावशीनं त्याची पिशवी खाटेशी ठेवली आणि ती उठली. पण साहेब आले आणि एकेकाला बोलावू लागले, तेव्हा तिनं खरं ते सांगून टाकलं. जाळी कधी काढली, परत कोणी बसवली, पाना कोणी दिला, सगळं.

पुढच्या सभेला तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती पायऱ्यांवर बसली. रोजावरची माणसं तिथून उठून समोरच्या भिंतीकडं गेली. त्यांची तरी काय चूक, त्यांच्यातल्या काहींची नावं त्याच सभेपुढं होती. तिला काढून टाकायचं मिस्त्रींनी सुचवलं, अनुमोदन चष्मेवालीनं दिलं. संस्थेच्या हिताला बाधा, असं कारण लिहिलं. सर्वानुमते मंजूर.

मावशी आमच्याकडं राहायला आली. वाचनालयांची फाटकी पुस्तकं आणून ती घरीच दुरुस्त करू लागली. लंबूनं भरपाईसाठी केलेली तक्रार चालू होती, त्यात मावशीची साक्ष लागणार होती. एका दुपारी लंबूच आला. रिकामी बाही खिशात खोचावी तसा त्यानं तो हात खिशात घातला होता.

“मी सभासद झालो,” तो म्हणाला.

मावशीनं हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, “चांगलं झालं. तक्रार?”

“मागं घेतली. त्याशिवाय नाव पुढं जात नव्हतं. घरी दोन पोरी आहेत, मावशी.”

“आजारपणाचा पगार मागून घे. आपणहून देत नाहीत.”

त्यानं मान डोलावली, पण उठला नाही. मी पाणी आणून दिलं, ते डाव्या हातानं प्यायला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, “संस्था तुमच्यावर दावा लावतेय. बदनामीचा. जाळी आधीच काढलेली होती असं बोलायला तुम्हीच मला पढवलंत, असं सांगायचंय.”

“कोणी सांगायचंय?”

“सगळ्या सभासदांनी.”

मावशीनं हातातली सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. “हात दुखतो का रे अजून?”

“गार हवेत दुखतो.”

“गरम पाण्यात धरत जा.”

त्यानं तशीच साक्ष दिली. मावशीनं माफी लिहून दिली असती तर दावा मिटला असता, पण तिनं दिली नाही. निकाल विरुद्ध गेला. मग एकेका वाचनालयानं पुस्तकं पाठवणं थांबवलं. कारण कोणी सांगितलं नाही. ‘सध्या काम नाही’, एवढंच. मावशी रिकाम्या टेबलाशी बसून राहायला लागली. आई लंबूच्या नावानं बोटं मोडायला लागली की मावशी उठते आणि आतल्या खोलीत निघून जाते.